भावनाच्या दादाशी बोलताना

"दीदी, काउन्सेलर मॅडम कुठी भेटतीन?"

मी स्टुलावर उभी राहून भिंतीवरचा तक्ता काढत होते. वळून पाहिलं. रेल्वे वर्कशॉपचा निळा गणवेश, बाहीला ग्रीस, हातात शाळेची चिठ्ठी. पालकसभा काल झाली होती आणि हे महाशय आज उगवले होते.

"आधी स्टूल धरा. मी पडले तर कुठंच भेटणार नाहीत."

त्यानं दोन्ही हातांनी स्टूल धरलं आणि लाजून मान खाली घातली. तिथंच माझा जीव अडकला, उगाच कशाला लपवू?

यशदीप हा अकरावीतल्या भावनाचा मोठा भाऊ. वडील गेले तेव्हा त्यानं इंजिनिअरिंग अर्ध्यावर सोडलं आणि त्यांच्या जागी अनुकंपेवर नोकरी धरली. आपलं राहिलं ते बहिणीनं पुरं करावं, एवढाच त्याचा हट्ट. आणि बहीण गणितात नापास होत होती.

मुलांइतकंच घरच्यांशीही बोलायचं, हे माझं कामच. म्हणून तो दर शनिवारी ड्यूटी संपवून यायचा. दोन शनिवार आम्ही भावनाबद्दलच बोललो. तिसऱ्यांदा फाटकाबाहेरच्या टपरीवर चहा झाला, मग रविवारी लांबच्या तात्यापाऱ्यातल्या एका हॉटेलात... तिथं शाळेचं कोणी येत नाही, म्हणून ते मीच सुचवलं. चोराच्या मनात चांदणं!

"तुम्ही सगळ्यायचंच असं ऐकता का हो?"

"पगार मिळतो त्याचा."

"आज तर सुट्टी आहे. मग काहून ऐकून राहिल्या?"

मी कपात पाहत राहिले. तो हसला आणि स्वतःचं बिस्कीट माझ्या बशीत ठेवलं.

भावना मात्र मंगळवारी यायची, माझ्या खोलीत. तिला गणित नकोच होतं. कोचिंगच्या वेळेत ती पंडरीच्या कापडबाजारातल्या एका बुटीकमध्ये कापड बेतायला शिकत होती. "भैया को मैं खुद बताऊँगी, दीदी. थोड़ा टाइम दो," शाळेतल्या सवयीनं हिंदीतच म्हणाली. मी शब्द दिला.

मग एका रविवारी यशदीपनं चहाला हातच लावला नाही.

"माझंच काही चुकून राहिलं का? पोट्टी माझ्याशी बोलतच नाही..."

तो चेहरा मला बघवेना. काउन्सेलरनं गप्प बसायला हवं होतं, पण प्रेमात पडलेली बाई गप्प बसली नाही. मी सगळं सांगून टाकलं, पंडरीसकट. वर म्हणाले, "तिला रागावू नका हं."

दुसऱ्याच दिवशी तो दुकानात गेला. चार बायकांदेखत तिच्या हातातली कात्री हिसकावली आणि तिला घरी घेऊन आला.

मंगळवारी भावना आली. बसली नाही.

"घर में किसी को नहीं बताया था मैंने. सिर्फ आपको." दारापर्यंत जाऊन ती वळली. "भैया तो गुस्सेवाले हैं ही. पर आप तो..."

ती निघून गेली. तिची फाईल मी दुसऱ्या काउन्सेलर शारदा मॅडमकडे दिली, पण त्यांच्याकडेही ती गेली नाही. आता कोचिंगला वेळेवर जाते, घरी मुकाट जेवते, असं कळलं.

महिन्यानं यशदीप आला. या वेळी गणवेश नव्हता, इस्त्रीचा शर्ट होता.

"चुकलो मी. कात्री परत आणून देल्ली तिले. तिनं हात नाही लावला." मग म्हणाला, "अनुश्री... मले तुमच्याशी लग्न करायचं आहे. भावनाले मी समजावतो."

हेच ऐकायला मी गेले चार शनिवार फाटकाकडे डोळे लावून बसले होते. तरी मी म्हणाले,

"नाही."

"काहून? मी आवडत नाही तुम्हाले?"

"खूप आवडता. पण मी तुमच्या घरात आले, तर तिनं मनातलं सांगायला कुठं जायचं?"

 तो हळूच म्हणाला, "आताही कुठी जाते ती?"

 तो उठला आणि मीही त्याला थांबवलं नाही.

पुढच्या मंगळवारी मी दार उघडं टाकून बसले. भावना मैत्रिणींसोबत व्हरांड्यातून गेली. दारासमोर आल्यावर तिनं मैत्रिणीच्या कानाशी लागून काहीतरी सांगायला सुरुवात केली होती. मला पाहिलं आणि ती मध्येच गप्प झाली.