पांढरे निशाण

रावजींचे कार्ड आले तेव्हा सलाउद्दीन भद्रकालीतल्या आपल्या दुकानात एका पत्र्याच्या पेटीवर गुलाबाचे फूल रंगवीत बसला होता. पाकळ्यांचा रंग वाळेपर्यंत त्याने ते कार्ड दोनदा वाचले. 'गडाची शर्थ' या आपल्या चित्रपटास या चैत्रात दहा वर्षे होत आहेत. कंपनी बुडाली, मास्तर वारले, बोलपटांपुढे मुक्या चित्रांना आता कोणी विचारीत नाही. तरी आपण हयात आहोत तोवर एकदा सर्वांनी जमावे, रविवारी दुपारी एक वाजता जुन्या शेडमध्ये चित्रपट दाखवू, मागून चहाफराळ, असा मजकूर होता. खाली रावजींनी एक ओळ वाढवली होती : 'पुंजाच्या ठमाबाईलाही बोलावले आहे. तिला लुगडे द्यावे असे ठरते आहे.'

ती ओळ वाचल्यावर सलाउद्दीनने कुंचला रॉकेलच्या डब्यात बुडवून ठेवला. त्या दिवशी ते फूल अर्धेच राहिले.

कंपनीत तो पडदे रंगवीत असे. पण लढाईचे चित्रण असले की त्याच्याकडे दुसरे काम येई. कॅमेरा रामशेज किल्ल्याच्या पायथ्याशी, माणसे उतारावर विखुरलेली. दिग्दर्शन करणाऱ्या मास्तरांचा आवाज तिथवर पोचत नसे. म्हणून मधल्या टेकाडावर सलाउद्दीन दोन निशाणे घेऊन उभा राही. तांबडे दिसले की माणसांनी भिडायचे आणि पडायचे. पांढरे दिसले की मेलेल्यांनी उठायचे.

त्या वर्षी पौषात पेठ रस्त्यावरच्या पाड्यांतून जी माणसे आणली होती, त्यांत पुंजा होता. चित्राच्या अगदी कडेला एक मेलेला हवा, असे मास्तरांनी सांगितले. सलाउद्दीनने पुंजाला डोंगराच्या सोंडेपलीकडे नेले, एका खडकाशी कुशीवर निजवले आणि त्याचा उजवा हात अंगाखाली दुमडून दिला. ती जागा खालून कॅमेऱ्याला दिसत होती. पण टेकाडावरून दिसत नव्हती, आणि पडलेल्या बाकीच्यांनाही नाही. पुंजाला निशाण दाखवायचे तर पन्नास पावलांचा वळसा घालावा लागे.

"मी पांढरं निशाण दाखवेपर्यंत हलायचं नाही," सलाउद्दीनने त्याला बजावले होते. "मुंगी चावली तरी नाही."

"नाय हालत," पुंजा म्हणाला होता. "मेल्याला कुठं मुंगी चावती?"

चित्रण संपले तेव्हा सूर्य बुडाला होता. खालून खूण झाली, सलाउद्दीनने पांढरे निशाण हलवले, उतारावरचे मेलेले अंग झाडत उठले. वारा बोचत होता. खाली चहा उकळत होता, बैलगाड्या जुंपल्या होत्या. सोंडेकडे पाहून तो क्षणभर घुटमळला. मग, बाकीचे निघाले की पुंजाला कळेलच, असे स्वतःला सांगून तो खाली उतरला. रावजींनी विचारले, "सगळ्यांना निशाण दिलं?" तो म्हणाला, "दिलं."

सकाळी पुंजा तिथेच सापडला. कुशीवर, उजवा हात अंगाखाली. अंगरख्यावर दव होते. रात्रीच्या गारठ्याने त्याचा जीव घेतला होता. पिऊन झोपला असेल, असे ठरले. त्याची बायको ठमाबाई आली तेव्हा सलाउद्दीनने तिच्या तोंडावर सांगितले, "मी निशाण दाखवलं होतं, बाई. तोच उठला नाही."

या वाक्याला आता दहा वर्षे झाली होती. पुढे चित्रपट लागला तेव्हा तापाचे निमित्त करून तो पाहायला गेला नाही, आणि नंतरही कधी गेला नाही. रविवारी घरातून निघताना त्याने नूरबानोला, आपल्या बायकोला, सांगितले की आज तो ठमाबाईला खरे सांगणार आहे. चारच्या मोटारीने ती पेठला परत जाण्यापूर्वी.

"सांगून माणूस परत येतो का?" नूरबानो म्हणाली.

"नाही येत. पण ती त्याला दोष देत असेल."

तिने त्याचा पांढरा रुमाल घडी करून त्याच्या खांद्यावर टाकला.

गंगापूर रस्त्यावरच्या कंपनीच्या शेडमध्ये आता विड्यांचा कारखाना होता. रविवारची सुट्टी असल्याने सुपे भिंतीशी रचून ठेवली होती, तरी तंबाखूचा वास ताडपत्रीच्या जाजमातूनही जात नव्हता. खिडक्यांना काळी फडकी लावली होती. दारातच रावजी भेटले. कंपनीचे व्यवस्थापक म्हणून त्यांचा जो दरारा होता तो गेला होता. थट्टेची सवय मात्र कायम होती.

"या, सलाउद्दीनभाई. दाढी पिकली की तुमची."

"तुमचं तर शेतच उजाड झालं, रावजी."

रावजींनी टकलावरून हात फिरवला आणि मागून येणाऱ्या वाल्मीकरावांकडे बोट केले. चित्रपटात ते किल्लेदार झाले होते. आता पोट सावरीत पायरी चढत होते. "हे पाहा आमचे किल्लेदार. आता घोड्यावर बसायचं म्हणजे आधी घोड्याला विचारावं लागेल."

"घोडा नाही म्हणेल, पण तुमच्यासारखं तोंड तरी वाजवणार नाही," वाल्मीकराव म्हणाले.

आत पन्नाससाठ माणसे दाटीने बसली होती. दाराजवळ जाजमावर मात्र थोडी जागा मोकळी होती. एक माणूस लांब होऊन निजेल एवढी. सलाउद्दीन तिथे बसायला वळला आणि मग, का ते त्यालाही सांगता आले नसते, वळसा घालून भिंतीशी जाऊन उभा राहिला. कडेवर मूल घेतलेली एक बाई आली. तिनेही त्या जागेकडे पाहिले आणि ती त्याच्या शेजारी येऊन उभी राहिली.

ठमाबाई पुढे खांबाशी बसली होती. केस पांढरे झाले होते, पाठ ताठ होती.

रावजींनी प्रास्ताविक केले. मास्तरांची आठवण निघाली, तेव्हा दोघातिघांनी डोळे पुसले. मग रावजी रंगात आले. "नट पुष्कळ झाले, पण आमच्या कंपनीत खरा नट एकच. त्याला मेल्याचं काम दिलं, ते त्यानं कायमचं केलं." हशा पिकला. मग कोणाला तरी ठमाबाई आठवली आणि हशा तुकड्यातुकड्यांनी विझला. रावजींचा चेहरा पडला. ठमाबाईने वर पाहिले नाही. ती मान वळवून दाराजवळच्या मोकळ्या जागेकडे पाहत होती.

दिवे मालवले. यंत्राची खरखर सुरू झाली, पेटीवाल्याने वीरश्रीचा सूर धरला.

डोंगराचा देखावा येईपर्यंत सलाउद्दीनने मनाची तयारी केली होती. माणसे भिडली, पडली. चित्राच्या उजव्या कडेला, खडकाशी, पुंजा कुशीवर पडलेला होता. त्या वेळी तो जिवंत होता. ओठ घट्ट मिटून, मुंग्या सोशीत, पांढऱ्या निशाणाची वाट पाहत होता. सलाउद्दीनने डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा पडद्यावर दरबार भरला होता.

उजव्या कडेला, गालिच्यावर, एक माणूस कुशीवर पडलेला होता.

सलाउद्दीन धंद्यातला माणूस होता. एकाच फितीवर चुकून दोनदा चित्र घेतले गेले की असे होते, हे त्याला ठाऊक होते. पण तसे झाले की माणूस धुक्यासारखा उमटतो आणि मागचे सारे त्याच्यातून दिसते. या माणसामागची गालिच्यावरची वेलबुट्टी दिसत नव्हती.

पुढे किल्लेदाराच्या मुलीचे लग्न होते. ते याच शेडमध्ये, पुंजा जाऊन महिना उलटल्यावर, घेतले होते. मागचा महाल सलाउद्दीनने स्वतः रंगवला होता. मशालजींची रांग सरळ चालत आली आणि उजव्या कडेशी येताच किंचित वाकली. पडलेल्या माणसाला वळसा घालून पुन्हा सरळ झाली. एकाही मशालजीने खाली पाहिले नाही.

मग किल्लेदाराची आई एकटीच देवापुढे बसली. तिच्या खोलीतही तो होता. विजयाच्या मिरवणुकीत, हत्तीच्या पायांशी, तो होता. सलाउद्दीनने अंधारात लोकांचे चेहरे न्याहाळले. सगळे वाल्मीकरावांकडे पाहत होते, कोणी हसत होते, कोणी आपला जुना चेहरा ओळखून शेजाऱ्याला ढोसत होते. ठमाबाई पडद्याकडे पाहतच नव्हती.

चित्रपट संपला. फडकी काढल्यावर चैत्रातले ऊन आत घुसले. अंगणात कडुनिंबाखाली बाकडी मांडली होती, चहा आणि जिलेबी आली होती. सलाउद्दीनने रावजींना बाजूला घेतले.

"दरबारात उजव्या हाताला कोण पडलं होतं?"

"दरबारात?" रावजी हसले. "दरबारात आडवं व्हायचा मान एकट्या महाराजांचा. तुम्हाला डुलकी लागली, भाई."

त्यांच्या खांद्यावरून सलाउद्दीन दाराकडे पाहत होता. माणसे गप्पा मारीत बाहेर पडत होती. उंबऱ्याच्या अलीकडे येताच प्रत्येकाचे पाऊल वाकडे पडे. बायका लुगड्याचा घोळ उचलीत. वाल्मीकरावांनी धोतराचा सोगा हातात धरून, एवढे जड शरीर असूनही, लांब ढांग टाकली. कोणाचेही बोलणे तुटत नव्हते.

साडेतीन झाले होते. ठमाबाई नवे लुगडे कागदात गुंडाळून, पाय पसरून, झाडाच्या पारावर बसली होती. सलाउद्दीन तिच्यापुढे उभा राहिला.

"ठमाबाई, मला एक सांगायचं होतं."

"सांगा की, भाऊ."

"त्या दिवशी मी त्यांना निशाण दाखवलं नाही. त्या बाजूला गेलोच नाही. थंडी होती, चहा आला होता. तुम्हाला सांगितलं ते खोटं होतं."

ती कागदाची कड बोटाने दुमडत राहिली.

"धा वर्सं," ती म्हणाली. "धा वर्सं मी त्यांनाच बोलले. दाराशी आडवे पडलेले असत्यात. पाणी आणायला जायचं तर वळसा घालून जाते. पोरीचं लगीन झालं, वऱ्हाड बी वळसा घालून बसलं. मी म्हणायची, उठा की आता, भाऊंनी निशाण दावलं व्हतं, तुमचंच ध्यान नव्हतं. लय टाकून बोलले. ते आपले गप."

"इथेही?"

तिने हनुवटीने दाराकडे दाखवले.

सलाउद्दीनला तिच्याकडे बघवेना. तिला वेड लागले असावे, असे समजणे सोपे होते. ते त्याला साधले नाही. माफी मागावी म्हणून त्याने हात जोडले. तिने ते हात पाहिले.

"मंग आता दावा," ती म्हणाली.

त्याने खांद्यावरचा रुमाल काढला. दाराकडे तोंड करून, पूर्वी करीत असे तसाच, हात उंच करून त्याने रुमाल डावीउजवीकडे तीनदा हलवला.

बाकड्यांवरून वाल्मीकरावांचा आवाज आला, "अरे, सलाउद्दीनभाई निशाण देतायत. चला, मेलेल्यांनो, उठा."

सगळे हसले. टाळ्या पडल्या.

ठमाबाईने पसरलेले पाय हळूच जवळ ओढून घेतले. डोक्यावरचा पदर पुढे ओढला.

"उठले," ती म्हणाली.

मग ती उभी राहिली आणि लुगड्याची पुडी काखेत मारून म्हणाली, "येते. मोटार चुकंल."

"आणि ते?"

"त्यांना निजवलं तुमी. उठवलं बी तुमीच." तिच्या आवाजात राग नव्हता; ती थकलेली होती. "मला काय इचारता?"

ती चपला घ्यायला शेडच्या दाराशी गेली. जिथे सगळे वळसा घालीत होते त्या जागेवरून ती सरळ चालत गेली, सरळ परत आली आणि फाटकाबाहेर पडली.

सलाउद्दीनने रुमाल खांद्यावर ठेवला. तो रावजींच्या बाकड्यावर, अगदी कडेला बसला. रावजी वाल्मीकरावांना मास्तरांची कुठलीशी गोष्ट सांगत होते. हातातला चहा गरम होता. त्याने अंगणाकडे पाहिले.

दारापाशी उभ्या दोघांनी बोलता बोलता खांदा वळवून वाट दिली.

जिलेबीचे ताट घेतलेला माणूस थांबला, बाजूला झाला, पुन्हा चालू लागला.

कडेवर मूल असलेल्या बाईने मूल दुसऱ्या कडेवर घेतले.

गर्दी एका रेषेत उघडत होती आणि मागे मिटत होती. ती रेषा कडुनिंबाकडे वळली, पाराशी आली. आता तिच्या आणि बाकड्याच्या मध्ये वाल्मीकराव होते. त्यांनी पसरलेले पाय आखडून घेतले.

रावजी गोष्ट सांगत होते. त्यांनी मान वळवली नाही. सांगता सांगताच ते सलाउद्दीनपासून थोडे दूर सरकले, मधली फळी उपरण्याने झटकली आणि म्हणाले, "या, बसा."