गवतावरचा वाकडा माग

सोयाबीनच्या शेतांपलीकडून उजेड नेहमीसारखाच आला, कसलीही घाई नसल्यासारखा. आधी तो धान्याच्या कोठाराच्या टोपीवर टेकला, मग विमान ठेवायच्या हँगरच्या पत्र्यावरून ओघळत खाली उतरला. दाराच्या फटीतून आत शिरून त्याने आजोबांच्या जुन्या विमानाच्या पिवळ्या कापडी पंखाला हलकेच स्पर्श केला, आणि शेवटी धावपट्टीच्या दवभरल्या गवतावर आडवा पसरला. एमिल कुंपणाशी उभा राहून पाहत होता. सकाळ रोजचीच; पण आज आजोबा त्याला पहिल्यांदा पुढच्या आसनावर बसवून शेजारच्या गावी, आसपासच्या वैमानिकांच्या पॅनकेक न्याहारीला नेणार होते! अख्खा हिवाळा त्याने या दिवसाची वाट पाहिली होती.

"एमिल, इकडे ये! लवकर!" चुलत बहीण सिग्ने धावपट्टीच्या मध्यावरून ओरडली.

गवतात चाकांचे दोन माग सरळ गेले होते आणि एकाएकी कोयत्यासारखे वळले होते. वळणाशी माती उकरली गेली होती.

"गवत कापायच्या यंत्राचे असतील," एमिल म्हणाला.

"तुझं यंत्र उडतं वाटतं? माग मधूनच सुरू झालेत!"

"भूत उतरलं!" तिचा धाकटा भाऊ टोबी आनंदाने किंचाळला.

हँगरमध्ये कोडं आणखीच गुंतलं. विमानाच्या डाव्या पंखाच्या टोकाखाली गवताचा हिरवा डाग होता आणि शेजारचा हातभर पिवळा रंग जरा जास्तच पिवळा होता. सिग्नेने नाक पुढे केलं. "नेलपॉलिशसारखा वास! ठिगळ लावून वर ताजा रंग फासलाय. काल आपण सगळे तळ्यावर होतो. घरी कोण होतं?"

घरी हाल्वरकाका होते. प्रवासी विमानांचे कॅप्टन! एमिलच्या पलंगाशेजारी त्यांचाच फोटो होता.

"काका तीनशे माणसं घेऊन समुद्र ओलांडतात!" एमिल चिडला.

"त्या विमानाला नाकाखाली चाक असतं," सिग्ने म्हणाली. " याचं तिसरं चाक शेपटीखाली. उतरताना सुकाणूच्या पायट्यांवर पाय जरा सुस्तावले, की शेपूट पुढे धावते आणि विमान गरकन फिरतं. आजोबा शंभरदा सांगतात!"

एमिलने हिरव्या डागावर बोट फिरवलं. माग, डाग, वास, एकेक गोष्ट खरी होती. पण त्या जोडल्या की जे दिसे, ते त्याला खोटं वाटे. शिवाय बोलून दाखवलं, तर आजचं उड्डाण बुडालंच!

"आजोबांना सांगूया," टोबी म्हणाला.

"काका हसण्यावारी नेतील," सिग्ने म्हणाली. "थांब, त्यांच्याच तोंडून काढते."

थोड्याच वेळात आजोबांनी विमान बाहेर काढलं. एमिल पुढच्या आसनावर पट्टा बांधून बसला. हाल्वरकाका कॉफीचा पेला घेऊन उभे होते. "बाबा, मजा करा!" ते आजोबांना म्हणाले.

"आजोबा," सिग्ने गोड आवाजात म्हणाली, "आज एमिलला काकाच नेऊ देत ना! कॅप्टन आहेत!"

"कल्पना झकास आहे!" आजोबा म्हणाले. "बस रे, हाल्वर!"

"चला ना, काका!" एमिलने आतून हाक दिली.

काकांचा चेहरा उतरला. "आज नको... वारा आडवा आहे."

"वारा?" टोबी खिदळला. "वाऱ्याची पिशवी तर घोरतेय!"

खांबावरची नारिंगी पिशवी निपचित लोंबत होती. आजोबांनी पिशवीकडे पाहिलं, मग हाल्वरकाकांकडे.

"एमिल, खाली उतर," काका पुटपुटले. "बाबा, पोराला नका बसवू यात. काल उतरताना... गिरकी बसली."

"आणि मला म्हाताऱ्याला बसू देणार होतास?" आजोबांनी विचारलं.

"मला वाटलं, नुसतं कापडच फाटलंय."

आजोबा गवतावर आडवे झाले. डाव्या चाकाच्या दांड्यावरून त्यांची बोटं फिरली आणि सांध्यापाशी थबकली. तिथे केसाएवढी चीर होती.

"पुढच्या वेळी टेकताच चाक निखळलं असतं," ते उठत म्हणाले. "शाब्बास, पोरांनो! आज तुम्ही दोन जीव वाचवलेत. सिग्ने, वैमानिकाला असेच डोळे लागतात!"

एमिलने अजून पट्टा सोडला नव्हता.

"काका, काल तरी वारा होता ना?" त्याने विचारलं. "थोडासा?"

"नाही रे. पानसुद्धा हलत नव्हतं."

एमिलने पट्टा सोडला. हाल्वरकाकांना आजोबांचं छोटं विमान उतरवता आलं नव्हतं.