शेवटची वाफ

पितरांच्या शनिवारी दुपारी उस्तिन्या कोयता घेऊन बर्चच्या डहाळ्या आणायला निघाली. दरवर्षीचंच काम. या सणाच्या सुमारास बर्चचं पान कोवळं असतं, तेव्हाच न्हाणीत वाफ घेताना अंगावर मारायच्या जुड्या बांधून ठेवायच्या. एकदा पान निबर झालं की अंगावर नुसते ओरखडे उठतात. त्या वर्षी मात्र पाऊस नावाला नव्हता. पानं जूनमध्येच कडेनं करपली होती. ओढ्याच्या तळाशी थोडीशी ओल उरली होती, तिथल्याच डहाळ्या तिनं तोडल्या. गिरणीच्या पलीकडे जायची बंदी होती. पलीकडे जंगल होतं, आणि जंगलात गावातले पुरुष होते.

दोन हिवाळ्यांपूर्वी नव्या सरकारची माणसं धान्य मोजून न्यायला आली. मागच्या वर्षी ती पेरणीचं बीसुद्धा झाडून न्यायला लागली, तेव्हा कोंद्रातनं आढ्याला खोचलेली जुनी बंदूक काढली आणि तो बाकीच्यांबरोबर निघून गेला. तिचा एकुलता एक मुलगा. ईस्टरच्या आठवड्यात एकदा खिडकीवर टकटक झाली होती. उस्तिन्यानं पाव बाहेर दिला, एका थंडगार हातानं तो घेतला, इतकंच. त्यानंतर काही कळलं नव्हतं.

जुडी खांद्यावर टाकून ती परत आली तर अंगणात शिपाई उभे होते. त्यांचा नायक लाकडं फोडायच्या ओंडक्यावर बसून सूर्यफुलाच्या बिया सोलत होता. मिरोन त्याचं नाव. टोपीवर लाल तारा होता, पण बिया सोलायची पद्धत थेट इकडचीच.

"ये मावशी, बस," तो म्हणाला, जणू घर त्याचंच. "कोंद्रात कुठाय?"

"देवाघरी."

"कधी गेला?"

"नदीचं बर्फ फुटलं तेव्हा. तिथं चकमक झाली होती ना..."

"थडगं?"

"नदीनं नेलं त्याला."

मिरोननं टरफल थुंकलं. "या गावच्या नदीला भूक फार. शेजारच्या दोघांनाही तिनंच नेलंय म्हणे."

दारात सून उभी होती, लुकेर्या. आठवा महिना भरत आलेला. मिरोननं तिच्या पोटाकडे पाहिलं आणि नजर काढून घेतली. ज्यांचा माणूस जंगलात, त्यांच्या घरच्यांना स्टेशनजवळच्या माळावर तारेच्या कुंपणात ठेवत होते. वर छप्पर नाही, प्यायला डबक्याचं पाणी. मागच्या आठवड्यात तिथं एक बाई बाळंत झाली, ती उठलीच नाही. हे त्या दोघींना माहीत होतं, आणि त्यालाही.

"मी काही शहरातला नाही, मावशी," तो सावकाश म्हणाला. "तीन गावं सोडून माझं गाव. आज पितरांचा शनिवार. घरचे न्हाऊन झाले की शेवटची वाफ पितरांसाठी ठेवतात. माझी आईही ठेवते. तू कोणासाठी ठेवणार?"

"नवऱ्यासाठी. सासूसाठी."

"आणि?"

उस्तिन्याच्या खांद्यावरून बर्चची जुडी घसरली. ती तिनं वाकून उचलली. उचलायला जरा वेळच लागला.

"आणि कोंद्रातसाठी," ती म्हणाली.

"ठीक." तो उठला. "उंबऱ्यावर उभी राहून नाव घेऊन बोलाव, आमच्या माणसाला ऐकू येईल असं. आत राख पसर, पावलं उमटतील अशी. सकाळी मी येतो." फाटकापाशी पोचल्यावर तो थांबला. "जिवंत मुलाला कुठलीच आई त्या वाफेवर बोलावणार नाही. एवढं मला ठाऊक आहे. बाकी मी काही विचारत नाही."

एक पोरगेला शिपाई फाटकाशी ठेवून ते निघून गेले. ते वळल्यावर कुंपणाच्या पलीकडून म्हातारा फादेय पुढे झाला. त्यानं सगळं ऐकलं होतं. गावात कोणी काही बोलावं आणि फादेयनं ऐकू नये, असं कधी होत नसे.

"उस्तिन्या, हे करू नकोस गं."

"मग काय करू? हिला तारेत नेऊन ठेवू?"

"तसं नाही... पण जिवंत माणसाला त्या वाफेवर बोलावलं तर..."

"तर काय होतं?"

फादेयनं दाढी खाजवली. "मला काय ठाऊक? आजवर कोणी केलंच नाहीये."

न्हाणी अंगणाच्या टोकाला, ओढ्याच्या उतारावर होती. लाकडी ओंडक्यांची, बुटकी, धुराडं नसलेली. धूर दारातूनच बाहेर पडे. पिढ्यान्‌पिढ्यांच्या काजळीनं भिंती इतक्या काळ्या झाल्या होत्या, की भर दुपारीही आत गेलं तर स्वतःचा हात दिसत नसे. तळहाताएवढी एक खिडकी होती, ती फक्त आपण कुठे आहोत हे कळण्यापुरती. आत माणसं चाचपडतच वावरत. आधी दगडाची धग लागे, मग पाण्याची बादली, मग बाक. बाकावर कोणी असलं तर तो सरकून जागा देई. बोलायची पद्धत नव्हती.

दोघी न्हाऊन आल्या. उस्तिन्यानं कढत पाण्याची बादली भरून ठेवली, तिच्याशेजारी ताजी जुडी, साबणाचा तुकडा, पंचा. लुकेर्यानं पेटीतून कोंद्रातचा सदरा काढला. गळ्याशी लाल दोऱ्याचं भरतकाम. लग्नाआधी तिनं स्वतःच भरलेलं.

"आई, दुसरा देऊ या ना. जुना एखादा."

"तो मिरोन सदरा बघेल. तो काही बैल नाही, माणूस आहे. आणि आपल्यातलाच आहे."

लुकेर्यानं सदरा छातीशी धरला आणि मग दिला.

उस्तिन्यानं तो बाकावर ठेवला. दगडांवर पाणी ओतलं. वाफ फुस्स करून उठली आणि बर्चचा ओला, गोडसर वास दारापर्यंत आला. मग बाकापासून उंबऱ्यापर्यंत चुलीतली राख चाळणीनं पसरत ती मागे मागे बाहेर आली, दार लावलं आणि त्याच्याकडे तोंड करून उभी राहिली. सूर्य खाली गेला होता, पण उजेड होता. जंगलाच्या बाजूनं दुपारपासून तोफांचे दणके येत होते.

"सावेली, ये. पाणी तापलंय," तिनं नवऱ्याला बोलावलं. सासूलाही बोलावलं. ते दरवर्षीचं होतं. मग तिनं वळून पाहिलं. फाटकाशी शिपायाची विडी पेटलेली दिसत होती.

मनात तिनं ठरवलं होतं की नुसते ओठांनी शब्द काढायचे, त्यात जीव ओतायचा नाही. पण नाव तोंडात आलं, आणि आवाज निघाला तो लहानपणी त्याला ओढ्यातून घरी बोलवायची तेव्हाचा.

"कोंद्रात... ये रे बाळा. पाणी निवतंय."

तोफा थांबल्या. थांबायच्याच असतील, म्हणून थांबल्या. पण त्या शांततेत, लावून घेतलेल्या दाराआड, तापल्या दगडांवर कोणीतरी पळीभर पाणी टाकावं तसा आवाज झाला.

सकाळी मिरोन आला. त्यानं दार ढकललं आणि उंबऱ्याबाहेरच बसून आत बघत राहिला. दारातून पडलेल्या उजेडात राख दिसत होती. राखेत अनवाणी पावलं होती, पुरुषाची, आत गेलेली. बाकापर्यंत. बाहेर आलेली नव्हती. बाकावर सदरा नव्हता. बादली निम्मी झाली होती.

"तू झोपलास का?" मिरोननं पोरगेल्या शिपायाला विचारलं.

"नाही, साहेब. रात्रभर न्हाणीच्या दाराला पाठ लावून बसलो होतो. खरंच सांगतो."

मिरोननं आगकाडी ओढून न्हाणीचे चारही कोपरे पाहिले. मग तो पुन्हा पावलांवर वाकला. डाव्या पावलाला चारच बोटं उमटली होती. त्यानं कुंपणाकडे पाहून विचारलं, "आजोबा, त्याची करंगळी..."

"लाकडं फोडताना गेली," फादेय पुटपुटला. "तेरा-चौदा वर्षांचा होता तेव्हा. त्याच ओंडक्यावर."

काल ज्यावर बसला होता, त्या ओंडक्याकडे मिरोननं पाहिलं नाही. टोपी काढून ती दोन्ही हातांत धरली. "मावशी, मला वाटलं होतं, तू खोटं बोलतेस." मग तो म्हणाला, "पितरांना निरोप दिलास?"

"आता देते."

"दे. ठेवून घेऊ नकोस कोणाला."

निरोपाचे शब्द सगळ्यांना पाठ असतात. न्हालात, निवालात, आता आपल्या जागी जा. उस्तिन्या दाराकडे तोंड करून उभी राहिली. तिची पाठ मिरोनकडे होती. सदरा गेला होता, पावलं त्याचीच होती. तरीही, कोण जाणे, तो कुठे एखाद्या दलदलीत श्वास घेत पडला असेल, आणि मी इथून म्हणायचं, आपल्या जागी जा? बोलावलं ते जबरदस्तीनं. हे मात्र तिच्या हातात होतं.

तिनं ओठ हलवले. आवाज काढला नाही. त्यात नवऱ्याचा आणि सासूचाही निरोप राहून गेला, हे त्या वेळी तिच्या लक्षातच आलं नाही.

लुकेर्याला कोणी तारेत नेलं नाही. जुलैत तिला मुलगा झाला. कोंद्रात सरकारदरबारी मेलेला होता, आणि मेलेल्याला कोणी शोधत नाही. शेतातली राय कापून झाली, शिपाई दुसऱ्या जिल्ह्यात गेले, आणि एका दुपारी तो अंगणातून चालत आला. गळ्याशी लाल भरतकामाचा सदरा. केस ओले, कपाळाला चिकटलेले.

उस्तिन्यानं त्याला धरलं, चाचपलं, गालाला गाल लावला. अंग ऊबदार होतं. ती रडली नाही. तिला भीती वाटत होती ती आणखीच कशाची तरी.

"ओढ्यात उतरला होतास?"

"ओढ्यात पाणी कुठाय, आई?" तो हसून म्हणाला.

जेवताना त्यानं थोडंसं सांगितलं. पितरांच्या शनिवारी ते लव्हाळ्यांत लपले होते. तोफांचे गोळे येऊन पडत होते, धुरानं श्वास कोंडत होता. त्याला छातीवर काहीतरी लागलं आणि तो पालथा पडला. मग कुठूनतरी बर्चचा वास आला, डोक्यावर कढत पाणी पडल्यासारखं वाटलं, आणि आईची हाक ऐकू आली. म्हणून तो उठला आणि चालत निघाला.

"आणि बाकीचे?" लुकेर्यानं विचारलं.

"ते उठले नाहीत. त्यांना कोणी हाक मारली नव्हती."

छातीवर काही खूण नव्हती. एवढे दिवस कुठे होतास, असं दोघी विचारत. आठवायचा प्रयत्न करताना तो न्हाणीच्या दिशेनं बघे.

शनिवारी फादेयनं कुंपणावरून हाक दिली. "काय रे, मेलेल्या! ये, पाठ चोळून देतो. जंगलातला मळ एकट्यानं निघायचा नाही."

"नको, आजोबा. माझं झालंय न्हाऊन."

फादेय कुंपणापासून मागे सरला. पुन्हा त्यानं त्याला कधी न्हायला बोलावलं नाही.

तो चांगला होता. कामाला वाघ, मुलाला तासन्‌तास मांडीवर घेऊन बसे. लुकेर्या आधी सुखानं वेडी झाली होती. थंडी पडू लागली तेव्हा ती एकदा सासूजवळ येऊन बसली.

"आई, उशी रोज कुंपणावर वाळत टाकते मी."

"पाहते मी."

"त्यांचे केस सुकत नाहीत." ती आणखी हळू बोलली. "मी पुसते. चुलीशी बसवते. तासाभरात पुन्हा... आणि बर्चचा वास येतो. हिवाळ्यात कुठून येतो, आई?"

उस्तिन्यानं तिचा हात हातात घेतला. "तुला तो हवाय ना?"

"हवेत," लुकेर्या म्हणाली.

"मग उशी वाळत टाकत जा."

वर्ष फिरलं. पुन्हा पितरांचा शनिवार आला. दुष्काळात गावातली बरीच माणसं गेली होती, म्हातारा फादेयही. घरोघरी त्या दिवशी धूर निघाला. न्हाणीचं पाणी कोंद्रातनंच भरलं, डहाळ्याही त्यानंच आणल्या. संध्याकाळी उस्तिन्यानं नवऱ्याला आणि सासूला बोलावलं. तिसरं नाव घेतलं नाही.

सकाळी ती निरोप द्यायला दाराशी उभी राहिली. राख कोरी होती. येणारे जर मागच्या वर्षीपासून आतच असतील, तर त्यांची पावलं कशी उमटणार, असा विचार तिच्या मनात आला आणि तिनं तो पुढे जाऊ दिला नाही. अंगणात विहिरीपाशी कोंद्रात मुलाला कडेवर घेऊन उभा होता.

"न्हालात..." तिनं सुरुवात केली.

मागे गवत सळसळलं म्हणून तिनं वळून पाहिलं. कोंद्रातनं मुलाला सांभाळून गवतावर बसवलं होतं. सदऱ्याचा गळा सारखा केला, ओले केस मागे सारले, आणि दोन्ही हात मोकळे सोडून तो तिच्याकडे बघत उभा राहिला. चेहऱ्यावर राग नव्हता, विनवणी नव्हती. गाडी दाराशी आल्यावर माणूस उभा राहतो, तसा तो उभा होता.

"निवालात..." तिच्या तोंडून अर्धवट निघालं. घराच्या दारात लुकेर्या आली होती. तिनं चौकट घट्ट धरली.

उस्तिन्यानं उरलेले शब्द गिळले आणि न्हाणीचं दार लोटून घेतलं. बऱ्याच वेळानं तिनं मागे पाहिलं, तेव्हा मूल पुन्हा त्याच्या कडेवर होतं.

पुढच्या शनिवारी ती नेहमीसारखी न्हायला गेली. लुकेर्या मुलाजवळ होती, कोंद्रात शेतावर. न्हाणीत दुसरं कोणी असायचं कारण नव्हतं. आत शिरून तिनं दार ओढून घेतलं आणि त्या ओळखीच्या काळोखात हात पुढे करून चाचपडत निघाली. आधी दगडाची धग लागली, मग बादली, मग बाकाची कड.

ती बसायला वाकली. बाकावर कोणीतरी सरकलं, आणि तिला जागा करून दिली.