जाळीची दोन घरं

दुपारचे तीन वाजले होते. लाकूड वाळवायच्या त्या लांबलचक खोलीला सगळे बोगदा म्हणत. ओल्या फळ्यांच्या थप्प्या लावून झाल्या होत्या. चारला गरम हवा सोडायची आणि मग तीन दिवस दार उघडायचं नाही. त्याआधी वायरमननं आत फेरी मारायची, बाहेर येऊन वहीत लिहायचं, 'आत कोणी नाही', आणि खाली सही करायची.

ही सही वर्षापूर्वीपर्यंत थोरला भाऊ करायचा. डावखुरा, हळू कामाचा माणूस. एके दुपारी, बोगद्यातली उष्णता मोजणाऱ्या सात सेन्सरपैकी सात नंबरच्या खाली तो शिडीवरून उतरला, छातीला हात लावून बसला तो उठलाच नाही. सात नंबर त्या दिवशी धाकट्यानं चुकीचा जोडला होता आणि तो नीट करायलाच थोरला आत गेला होता. हे धाकट्याखेरीज कुणालाच ठाऊक नव्हतं.

आता सही धाकट्याची.

"धाकट्या, सात नंबरला ताप आलाय बघ," वॉकीटॉकीवर दाजी म्हणाले. बहिणीचे यजमान; सेन्सरचे आकडे दिसायचे त्या खोलीत बसायचे. "बाकी सहा चोवीसवर, हा सदतीस."

"सदतीस म्हणजे ताप कुठला, दाजी? तब्येत ठणठणीत आहे की."

दाजी हसले. धाकट्याला मात्र आपलाच विनोद बोचला.

बोगद्यात पाऊल टाकलं की आवाज विरून जायचा. ओल्या लाकडाचा गोडसर वास, डिंकाचा दर्प आणि झोपेत चालल्यासारखी पावलं. एक नंबर दारापाशी, सात पार टोकाला. शिडी चढून त्यानं सेन्सरच्या डबीचं झाकण काढलं आणि कपाळावर हात मारून घेतला.

सेन्सरच्या तारेवर तांब्याची विणलेली जाळी असते. तिचं अर्थिंग एकाच टोकाला, पॅनेलकडं करायचं. दोन्हीकडं केलं की जाळीत भलताच प्रवाह फिरतो आणि आकडा खोटं बोलतो. मागच्या आठवड्यात त्यानं दोन्हीकडं केलं होतं. पुन्हा तीच चूक. थोरला म्हणायचा, "जाळीला दोन घरं देऊ नकोस रे. भटकत बसते."

त्यानं पक्कड काढली.

"झालं की," दाजी म्हणाले. "सात चोवीसवर आला."

"मी अजून हातही लावला नाही."

"मग सहाला सदतीस कसं...? आता पाचला. चार..."

धाकटा डुगडुगत्या शिडीवरच होता. खाली थप्प्यांमधली वाट मोकळी होती.

"तीनला थांबलंय," दाजींचा आवाज बारीक झाला. "परत फिरलं... चार... पाच... धाकट्या, बाहेर ये."

दार त्या सरकत्या सदतीसच्या पलीकडं होतं. पण त्याला भीती अशी वाटेचना. लहानपणी थोरल्याच्या पांघरुणात शिरल्यावर यायची तशी गुंगी येत होती.

"सहा..."

"दादा," तो पुटपुटला, "चूक माझी होती... तेव्हाही."

"सात," दाजी म्हणाले.

शिडीला खालून कुणीतरी आधार दिला. ती हलायची थांबली.

पुढचं त्याला आठवतं ते उन्हातलं. तो दाराबाहेर उभा होता आणि दाजी त्याला गदागदा हलवत होते. "अरे, दहा मिनिटं हाका मारतोय! सातही सेन्सर चोवीसवर आले. केलंस ना काम?"

त्याला सांगता येईना. तो पुन्हा आत गेला. डबीचं झाकण बसवलेलं होतं, चारही स्क्रू घट्ट. त्यानं उघडून पाहिलं. जाळी बेतानं कापून वर टेप गुंडाळली होती. गुंडाळी उलट्या बाजूनं होती आणि टेपचं टोक दुमडलेलं, पुढच्या माणसाला नखानं शोधावं लागू नये म्हणून. असं टोक फक्त थोरला दुमडायचा.

चार वाजत आले. त्यानं झाकण लावलं, थप्प्यांमागं वाकून वाकून पाहिलं, बाहेर येऊन कडी घातली. वहीत शांतपणे लिहिलं, 'आत कोणी नाही.' तसं लिहिताना त्याला पहिल्यांदाच हलकं वाटलं. सही केली.

दाजी वहीकडं बघत राहिले, मग त्याच्याकडं.

"धाकट्या... तू डाव्या हातानं कधीपासून लिहायला लागलास?"