काळ्या कपाची चोरी

"मी चोर नाही," मावशी दारातूनच म्हणाल्या. "पोहण्याच्या क्लबात वीस वर्षं फरशी पुसतेय. आता अध्यक्ष म्हणतात, संध्याकाळपर्यंत कप आणून दे, नाहीतर कामावर येऊ नकोस."

वहिनींनी चहा बाजूला ठेवला. खासगी तपास हा त्यांचा धंदा. सोबतीला धाकटे दीर. भावोजींचं डोकं हळू चालायचं, पण ते चालत मात्र वहिनींच्या मागोमाग.

चोरी अशी : कपाटातला चांदीचा कप, तीस वर्षांत तव्यासारखा काळा पडलेला, सकाळी गायब. त्याच जागी एक लखलखीत कप. अध्यक्षांनी लगेच निकाल दिला : खरा लांबवला, नकली ठेवला. मोठ्यांचं काही हरवलं की चोर आधीच ठरलेला असतो. ज्याच्या हातात झाडू, तो.

क्लबात अध्यक्ष कप मांडीवर घेऊन बसले होते, पंजा बुडाशी घट्ट.

"नकली कशावरून?" वहिनींनी विचारलं.

"बाई, पहिलं बक्षीस आहे माझं. आनंदात हातातून पडला, कान वाकला. तो फोटो बघा."

फोटोत चार पोरं ओल्या अंगानं उभी. प्रत्येकाच्या हातात एकेक कप. एका कपाचा कान वाकडा.

"याचाही वाकडाच आहे," भावोजी म्हणाले.

"चोर हुशार आहे," अध्यक्ष म्हणाले.

"मावशी, तुम्ही तो कधी घासला होतात का?" वहिनींनी विचारलं.

"घासू कुठे देतात? फडकं लावलं तरी ओरडतात. म्हणे, काळेपणातच त्याचा मान."

क्लबाच्या कँटीनमध्ये कँटीनवाला सँडविच वर्तमानपत्रात बांधत होता. भावोजींनी मोरीतल्या टबापाशी नाक दाबलं. "अंडी नासलीत तुमची."

"आमच्याकडे अंडी नसतातच," कँटीनवाला फणकारला.

"आणि सँडविचची फॉइल?" वहिनींनी विचारलं.

"संपली."

वहिनींनी कचऱ्याचा डबा उघडला. खायच्या सोड्याचं रिकामं पाकीट. खाली फॉइलचे चुरगळलेले तुकडे, काळपट पडलेले.

त्यांनी सगळ्यांना कपाटापाशी बोलावलं.

"चोरी झालीच नाही. टबात अ‍ॅल्युमिनियमची फॉइल अंथरायची, सोडा टाकायचा, कडकडीत पाणी ओतायचं आणि त्यात चांदी बुडवायची. चांदीवरचा काळा थर सुटतो, फॉइल काळी पडते आणि नासक्या अंड्यांचा वास सुटतो. घासावं लागत नाही, म्हणून वाकडा कान जसाच्या तसा. खरं ना हो?"

कँटीनवाला ओशाळला. "परवा वार्षिक समारंभ. म्हटलं, साहेबांना खूश करावं. आईचे चमचे मी असेच उजळतो. पण चोर चोर सुरू झालं आणि माझी जीभच टाळ्याला चिकटली."

"म्हणजे हाच तो कप," भावोजी सावकाश म्हणाले. "मग साहेबांना स्वतःचा कप ओळखता आला नाही?"

"पाहताक्षणी ओळखला. म्हणून तर पंजा हलत नाहीये. साहेब, हात काढा."

अध्यक्षांनी काढला नाही. भावोजींनी एकेक बोट उचलून बाजूला केलं आणि तीस वर्षांच्या काळ्या थराखाली दबलेली अक्षरं मोठ्यानं वाचली.

"शंभर मीटर. उत्तेजनार्थ."

भावोजी फोटोकडे बघून बोटं मोजू लागले. "पहिला, दुसरा, तिसरा... पोहायला होतेच चौघे."

मावशींनी कोपऱ्यातली बादली उचलली.

"साहेब, पाय वर घ्या. फरशी पुसायचीय."

अध्यक्षांनी दोन्ही पाय वर घेतले.