सातवं नाव

हिंगोलीच्या कॉलेजात कम्प्युटर लॅबमध्ये मशिनी वीस होत्या, चालू नऊ. त्यातली एक धरता यावी म्हणून निलम राठोड जवळा बाजारजवळच्या तांड्यावरून पहिल्या एसटीनं यायची. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला डेटा स्ट्रक्चर्स हा विषय वर्गाला घाम फोडायचा. निलमला मात्र तो आवडायचा. त्यात सगळं मोजता येत होतं.

परीक्षेच्या आधी स्वानंद सरांनी 'ट्री' करायला दिला. "घरातल्या माणसांची नावं घाला. बापाखाली लेकरं, असं झाड करा. प्रोग्रामनं फांदी न् फांदी फिरून एकूण नावं किती ते सांगायचं."

निलमनं सहा नावं घातली. आजोबा वसराम, आजी सोजराबाई, वडील देविदास, आई रूपाबाई, भाऊ दिपक आणि ती स्वतः. उत्तर आलं सात.

तिनं ओळ न् ओळ तपासली. मशीन बदलली. पुन्हा सात. शेजारणीच्या घरची पाच नावं घातली, तर बरोबर पाच आलं. मग तिनं आपल्या घरातली नावंच पडद्यावर मागवली. दिपक आणि निलमच्या मध्ये एक नाव होतं. शिला.

"तुझ्याच हातून गेलं असेल," सर म्हणाले. "सोमवारी बाहेरचे परीक्षक येतायत. काढून टाक, नाहीतर नापास होशील."

रविवारी कापूस वेचताना तिनं आईला विचारलं, "याडी, शिला कोण?"

रूपाबाईचा हात बोंडावरच थांबला. "तुला कोणी सांगितलं?"

"कोणी न्हाई. कम्प्युटरात आलं."

मग रूपाबाई खाली बघतच म्हणाली, "तुझ्या आधीची. पाच दिस होती. पोरगी गेली म्हणून कोणी रडलंबी न्हाई. नाव म्या मनातच ठेवलं होतं. तुझ्या बापालाबी ठाव न्हाई."

रूपाबाईनं हातातला कापूस ओटीत टाकला.

"अजून हाय का ती तिथं?"

"हाय."

"मंग ऱ्हाऊ दे. दुसरीकडं कुठं हाय ती?"

सोमवारी परीक्षक तिच्या मागे येऊन उभे राहिले. पडद्यावर सात होतं. हा विषय गेला तर वर्ष गेलं, आणि वर्ष गेलं की वडील स्थळं बघणार, हे तिला ठाऊक होतं.

तिनं काढून टाकायची ओळ लिहिली.

"सहा. बरोबर," म्हणत परीक्षकांनी सही केली आणि ते पुढे गेले.

दुपारी ती तशीच शेतात गेली. रूपाबाई वेचता वेचता गुणगुणत होती. निलमनं तिला कधीच गुणगुणताना ऐकलं नव्हतं.

"याडी, म्या शिलाला काढलं. माझा विलाज नव्हता."

"कोण शिला?"

हात थांबला नाही.

"काल सांगितलंस की. माझ्या आधीची."

"तुझ्या आधी दिपकच. काहून असं बोलून राहिली? ऊन लागलं का?"

रूपाबाईनं कपाळावरचा घाम पुसायला हात वर केला. तिच्या मनगटावर गोंदणाचे ठिपके होते. त्यांच्यावर बोट ठेवूनच निलम लहानपणी तीनपर्यंत मोजायला शिकली होती.

आता ते दोन होते. मधली कातडी तान्ह्या लेकराच्या अंगासारखी कोवळी होती.