आत्या नावं घेते

आत्या गेल्यावर महिनाभराने भिंगरी पुन्हा कामावर जाऊ लागली. घरात तिचा पाय ठरत नव्हता. ओट्याशी गेली की वाटे, खिडकी उघडी राहिली. खिडकीशी गेली की वाटे, दार वाजलं. भिंगरी हे नावसुद्धा आत्यानेच ठेवलेलं. लहानपणी ही पोर एका जागी म्हणून बसायची नाही.

आई गेली तेव्हा भिंगरी आणि तिचा धाकटा भाऊ ढब्बू, दोघांना आत्याने पदराखाली घेतलं. तिचा स्वतःचा संसार मांडायचा राहिला तो राहिलाच. पुढे आसपासच्या कामाला जाणाऱ्या बायका आपली मुलं तिच्याकडे ठेवू लागल्या आणि पुढच्या दोन्ही खोल्या पोरांनी भरून गेल्या. प्रत्येकाचं तिने बारसं केलं : बोकोबा, ठमाकाकू, किरकिऱ्या, मुंगीराणी. पोरं मोठी झाली. बोकोबा वकील झाला, त्याला टक्कल पडलं, तरी आत्याच्या दारात तो बोकोबाच.

संध्याकाळी दिवे लागले की आत्या डोळे मिटून बसे. देवाकडे तिने काही मागितलेलं भिंगरीने कधी ऐकलं नाही. ती फक्त नावं घ्यायची. आधी घरातली, मग बाकीच्यांची, दळण दळल्यासारखी एका लयीत.

"अगं, काय हवंय ते तरी सांग त्याला," ढब्बू चिडवायचा.

"मी कोण सांगणारी? मी आपली आठवण करून देते. त्याच्यामागे व्याप का कमी आहेत?"

भिंगरीचं काम कान तपासण्याचं. दवाखान्यात बोळाच्या टोकाला तिची खोली होती आणि त्या खोलीत आणखी एक छोटी आवाजबंद खोली : जाड दार, भिंतींना राखाडी फोम, दुहेरी काच. पेशंट आत हेडफोन लावून बसे. भिंगरी बाहेरून बारीक-मोठे सूर सोडी. सूर ऐकू आला की पेशंटने बटण दाबायचं. मग तिच्यासमोर हिरवा दिवा लागे. तिला हे काम आवडायचं. यात अंदाजपंचे काही नव्हतं. ऐकू आलं तर आलं, नाही तर नाही.

त्या दिवशी आत दोन वेण्यांची एक मुलगी होती. सर्दीने कानांना दडे बसले होते, एवढंच. भिंगरी सूर सोडायची थांबली, कागद बदलू लागली, तरी दिवा लागला. विझला. पुन्हा लागला. मुलं कधी कधी गंमत म्हणून बटण दाबतात, हे तिला ठाऊक होतं. पण ही मुलगी काचेकडे बघतही नव्हती. मान खाली घालून, मन लावून दाबत होती. दिव्याची उघडझाप एका लयीत चालली होती.

भिंगरीने दार उघडलं. "काय गं, काय ऐकू येतंय?"

"एक आजी बोलतायत."

"काय बोलतायत?"

"नावं घेतायत. गमतीची. भिंगरी, ढब्बू, बोकोबा." मुलगी हसली. "मग खूप सारी. सगळ्यात शेवटी मिटमिट्या."

भिंगरीने तिच्या कानांवरचा हेडफोन काढून स्वतःच्या कानाला लावला. काही नाही. नुसती पोकळी.

"तुला ही नावं कुणी सांगितली?"

"सांगितलं ना. आजींनी." आता मुलगी बावरली होती.

मशीन दुरुस्त करणारा दुपारी आला. त्याने तारा सोडवल्या, पुन्हा जोडल्या, स्वतः आत बसून पाहिलं. "कधी कधी जवळचा रेडिओ पकडतं," तो म्हणाला, आणि मग स्वतःच मान हलवली. "पण हे तसलं नाही. मॅडम, मशीन ठणठणीत आहे."

तो गेल्यावर भिंगरीने आत जाऊन दार लावून घेतलं. अशा खोलीत थोडा वेळ बसलं की स्वतःचं रक्त वाहिल्याचं ऐकू येतं. तेवढंच ऐकू आलं. ती हळूच म्हणाली, "आत्या." फोमने तो शब्द जागच्या जागी गिळून टाकला. तिला आधी भीती वाटली होती. आता राग आला. परक्या पोरीशी बोलतेस आणि माझ्याशी नाही?

घरी येऊन तिने ढब्बूला फोन लावला. बोलताना ती या खोलीतून त्या खोलीत फेऱ्या मारत होती.

"आत्या गेली तेव्हा तू उशाशी होतास ना?"

"होतो की. का गं, ताई?"

"नावं घेत होती?"

"शेवटपर्यंत. आवाज नव्हता उरला, नुसते ओठ हलायचे. मी कान लावून बसलो होतो. एक नाव मात्र मला कळलं नाही. आपल्याकडे कुणी मिटमिट्या होता का गं? मला वाटलं, भ्रमात बोलतेय."

भिंगरी भिंतीला टेकून उभी राहिली. "नाही," ती म्हणाली, "आपल्याकडे नव्हता."

पुढचे काही दिवस तिने लहान मुलांच्या तपासण्या पुढे ढकलल्या. काही ना काही निमित्त काढी. पण एक बाई लांबून आली होती आणि परत जायला तयार नव्हती. मुलगा असेल चार-पाच वर्षांचा. जन्मापासून बहिरा. दोन ठिकाणी तपासून झालं होतं, हे तिसरं.

"त्यांचे रिपोर्ट आहेत तुमच्याकडे," भिंगरी म्हणाली. "मी वेगळं काय सांगणार?"

"तरी बघा, ताई. एकदाच."

मुलगा उंबऱ्याशी उभा होता. उजेडाकडे पाहताना तो सारखे डोळे मिचकावत होता. आई त्याच्याकडे वळून म्हणाली, "चल रे, मिटमिट्या." मग ओशाळून हसली. "ऐकू येत नाही त्याला, कळतं मला. पण हाक मारल्याशिवाय राहवत नाही."

भिंगरीच्या हातातलं पेन खाली पडलं. ते उचलायला तिला बराच वेळ लागला.

तिने मुलाला आत बसवलं, दार लावलं, सूर सोडला. मुलगा हेडफोनची तार बोटाला गुंडाळत राहिला. तिने आवाज वाढवला. आणखी वाढवला. एवढ्या आवाजाला चांगल्या कानाचा माणूस किंचाळून उठला असता. मुलाने जांभई दिली.

तिने मशीन बंद केलं. खटका खाली पडलेला तिने स्वतः पाहिला.

मुलाने मान वर केली.

तो त्या कोपऱ्याकडे बघत होता जिथे फक्त फोम होता. डोळे मिचकावायचा तो थांबला होता. कुणी गोष्ट सांगताना मुलं हुंकार देतात तशी त्याची मान हलू लागली. एकदा. पुन्हा एकदा. मग त्याचे ओठ हलले. भिंगरीला ओठ वाचता येत. कामाचाच भाग होता तो. जन्मात एक शब्द न ऐकलेला तो मुलगा काचेपलीकडे सावकाश म्हणत होता : भिंगरी. ढब्बू. बोकोबा.

आई काचेला चिकटली होती. "ताई, ऐकू येतंय त्याला. येतंय ना? सांगा ना."

समोरच्या कागदावर काही म्हणता काही उमटलं नव्हतं.

"हे बघा," भिंगरी म्हणाली, "मशीनला तसं दिसत नाहीये."

"मग हे काय चाललंय?"

"मला नाही माहीत."

बाई तिच्याकडे बघत राहिली. रडेल असं वाटलं, पण ती रडली नाही. "तो हसतोय, ताई," ती म्हणाली. "एवढं मला दिसतंय. मला पुरे आहे."

मुलगा बाहेर आला. जाड दाराशी तो अडला. आईने हात ओढला तरी बाजूला होऊन, आधी कुणाला तरी वाट द्यावी तसा उभा राहिला आणि मग निघाला. बोळातून जाताना त्याचा एक हात आईच्या हातात होता. दुसरा त्याने खांद्याच्या वर उचलून धरला होता, मूठ अर्धवट मिटलेली.

खोली एकदम मोकळी वाटली. भाड्याचं घर सोडताना वाटतं तशी. भिंगरी धावत खिडकीशी गेली.

खाली बसथांब्याच्या बाकावर मायलेकरं बसली होती. आईने पिशवी मुलाच्या पलीकडे ठेवली. त्याने ती उचलून तिच्या मांडीवर दिली आणि ती जागा रिकामी ठेवली. मग तो कलला. शेजारी टेकायला काही नव्हतं, तरी तो तसाच कललेला राहिला, पडला नाही. झाडाचं पान हलत नव्हतं. त्याच्या कपाळावरचे केस हळूच मागे सारले गेले, आणि कानामागे नीट बसवले गेले.